भोकाचा बट्टा

एडनजवळच्या शेख उस्मान गावच्या बाजारात सराफ पुष्कळ होते, पण मोड हवी असली की लोक करामा बाहकीमकडेच जायचे. मोठे सराफ एडनमध्ये गाद्यांवर बसत आणि सोन्यात, हुंड्यांत, चांदीच्या रियालांत बोलत. करामा मशिदीच्या भिंतीला पाठ टेकून एका फळकुटावर बसायचा, पुढ्यात कप्प्याकप्प्यांची पेटी. पै, पैसा, आणा, चवली, पावली. लाकडांचा उंट रिकामा करून आलेला माणूस त्याच्यापुढे रुपया टाकायचा आणि खुळखुळता रुमाल घेऊन जायचा. त्याबद्दल करामाला एक पैसा मिळायचा, आणि त्या पैशावर त्याने तीस वर्षं काढली होती.

माणूस कंजूष होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की लपवलं. दुधाचे वेगळे पडतात म्हणून तो बिनदुधाचा चहा प्यायचा. समोर फारेचं चहाचं दुकान होतं. फारे सगळ्यांदेखत विचारायचा, "करामा, साखर घालू की तिचाही बट्टा कापशील?" करामा हसायचा आणि साखर जरा जास्तच घालून घ्यायचा.

त्याच्या कंजूषपणाला कारण होतं. तो मूळचा दूर दोआन खोऱ्यातला. तरुणपणी धंद्याला एडनकडे निघाला तेव्हा हाती काही नव्हतं. बायकोने, फत्तूमने, उंबऱ्यातच कानांतले सोन्याचे डूल काढून त्याच्या हातावर ठेवले. दोन वर्षांत परत आणून देतो, असं तो म्हणाला. ते डूल विकून पेटी आली आणि भिंतीजवळची जागा आली. तीन-चार वर्षांनी तो गावी जायचा, तेव्हा कधी विहीर खचलेली असायची, कधी मुलीचं लग्न निघालेलं असायचं. डूल पुढच्या खेपेला, म्हणून तो परत यायचा. आता मात्र त्याने ठरवलं होतं की घराला वरचा मजला चढवायचा आणि कायमचं जाऊन राहायचं. त्यासाठीचा डबा खाटेखाली हळूहळू जड होत होता.

धंद्यात त्याचा एक नियम होता, बापाकडून आलेला. भोक पाडलेल्या नाण्याला बट्टा. आमच्याकडच्या बायका रुपये आणि रियाल सोनाराकडून टोचून गळ्यात घालतात. चांगल्या दिवसांत ते गळ्यात असतात आणि वाईट दिवस आले की सराफाकडे येतात. टोचलेला रुपया आला की करामा भोकावर अंगठा फिरवायचा आणि एक आणा कापायचा. जी चांदी इथे नाही तिचे पैसे मी का देऊ, असं म्हणायचा. सगळेच सराफ कापत, त्यामुळे त्यात कुणाला अन्याय दिसत नव्हता, आणि बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

नुजूम त्याच्याकडे पहिल्यांदा आली ती अशीच. लहेजची बाई, नवरा तापाने अंथरुणाला खिळलेला, कडेवर मूल. तिने लग्नातली माळ पेटीवर ठेवली. बारा रुपये होते. करामाने बारा आणे कापले. ती एवढंच म्हणाली की सोनाराने भोकं पाडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, याचे पैसे पडतील असं कुणी सांगितलं नाही. नवरा वाचला नाही. मग ती लहेजहून मोगऱ्याचे गजरे आणून बाजारात विकू लागली. सावली करामाच्या भिंतीचीच होती, म्हणून ती त्याच्या शेजारीच बसायची. दर गुरुवारी एक गजरा त्याच्या पेटीवर ठेवायची आणि पैसे घ्यायची नाही. त्या बारा आण्यांचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही, आणि काढण्याचं कारण करामालाही नव्हतं.

मग रुपया गेला. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती आणि इंग्रज सरकारने ठरवलं की एडनात यापुढे आफ्रिकेकडचा शिलिंग चालेल. रुपयाला दीड शिलिंग, शिलिंगाचे शंभर सेंट. खजिन्यात एक कारकून होता, अनीस नावाचा, एडनचाच, बूट करकर वाजवत चालणारा. तो करामाकडे आला. शेख उस्मानातला सगळा खुर्दा करामाच्या हातून बाहेर पडावा, असं खजिन्याने ठरवलं होतं, कारण बाजार त्याला ओळखत होता. जुने आणे घ्यायचे, नवे सेंट द्यायचे. महिनाअखेर आणे मरणार. तोवर नव्या नाण्यांची पोती खपली नाहीत तर बसायचा परवाना एडनच्या दुसऱ्या कुणाला जाईल, हेही अनीसने जाता जाता सांगितलं.

करामाने पोतं सोडलं आणि मूठभर नाणी तळहातावर घेतली. दहा सेंटचं नाणं चांगलं ढब्बू होतं आणि त्याला मधोमध भोक होतं. पाच सेंटला भोक, एका सेंटलाही भोक. युद्धाच्या काळात हिंदुस्थानातून भोकाचा पैसा आला होता, पण पैशात असं जाऊन जाऊन जाणार काय म्हणून लोकांनी तो हसत घेतला होता. हे दहा सेंट म्हणजे जवळजवळ आणा. आण्याला भोक कुणी पाहिलं नव्हतं.

तरीही पहिल्या सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. माणसं आणे देत होती, नाणी उलटीसुलटी करून बघत होती आणि रुमालात बांधत होती. मग एक कोळसेवाला परत आला आणि दहाचं नाणं पुढे करून सुटे सेंट मागू लागला. करामाने नाणं घेतलं. अंगठा भोकावर गेला. दुसऱ्या हाताने पेटीतून सुटे उचलले आणि कोळसेवाल्यापुढे सरकवले.

"नऊच?" कोळसेवाला म्हणाला.

करामाने आपल्याच हाताकडे पाहिलं. तीस वर्षं त्या हाताने भोक लागलं की कापलं होतं, आज त्याला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने घाईघाईने दहावा सेंट ठेवला, चुकलं म्हणाला, शपथ घेतली. पण आजूबाजूला माणसं उभी होती आणि बघायचं ते बघून झालं होतं. दुपारच्या नमाजाला जाईपर्यंत बाजारभर झालं की करामा स्वतःच कापतो, तर आपण पुरं का घ्यायचं?

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून वैताग येतो. पाच सेंटच्या एका नाण्यात चहा द्यायचा तिथे फारे दोन मागू लागला. दूधवाल्या भोकाचं नाणं हातात घेईनात. ज्यांच्याकडे जुने आणे होते त्यांनी ते जात्याखाली, गाडग्यात दडवले, आणि महिनाअखेर ते मरणार हे कुणी सांगायला गेलं की त्यालाच वेड्यात काढलं. बाजारात रुपये होते, शिलिंग होते, फक्त मोड नव्हती. पोती करामाच्या मागे भिंतीला लागून तशीच बसून होती. सगळ्यात जास्त हाल नुजूमचे झाले. लाकूड उद्या विकता येतं, कोळसा परवा. मोगरा संध्याकाळी काळा पडतो. गिऱ्हाईक शिलिंग पुढे करायचं, ती भोकाची मोड द्यायची आणि गिऱ्हाईक गजरा परत टोपलीत टाकून चालू लागायचं.

करामाने सगळं करून पाहिलं. मशिदीच्या दारात उभं राहून सांगितलं, सरकारने दवंडी पिटवली. फारे म्हणाला, "तोंड दहा म्हणतंय आणि हात नऊ. आम्ही हाताचं ऐकतो." अनीस येऊन पोती मोजून गेला आणि महिन्याचे किती दिवस उरले तेही ऐकवून गेला. त्या दिवसांत करामा चहाला उठेनासा झाला. परवाना जाईल याची भीती होतीच, पण त्याहून जास्त त्याला लागलं होतं ते हे की ज्या बाजाराने तीस वर्षं त्याने मोजलेलं पुन्हा मोजून पाहिलं नाही, तो बाजार आता त्याच्यासमोर उभं राहून नाणी मोजत होता.

एका दुपारी नुजूमने काळवंडलेल्या गजऱ्यांची टोपली उचलली आणि त्याच्या पेटीसमोर ठेवली. आवाज चढवला नाही, पण बाजारात ती ऐकू येत होती.

"काका, या नाण्याला भोक कुणी पाडलं?"

"सरकारनं."

"आणि तरी किंमत कमी होत नाही?"

"नाही. पुरे दहा."

"माझ्या रुपयांना सोनारानं पाडलं होतं. त्यावरही सरकारचाच शिक्का होता. तेव्हा तुम्ही भोकामागं आणा कापलात. आता एक काय ते सांगा. तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

करामाकडे याचं उत्तर होतं. रुपया चांदीचा, त्याची किंमत वजनावर. हे नाणं सरकारच्या शब्दावर चालायचं. उत्तर बरोबरही होतं. पण ते ओठांवर येईपर्यंत त्याला दुसरंच आठवलं. तेच बारा रुपये त्याने पुढे रुपयामागे अर्ध्याच आण्याच्या बट्ट्याने खपवले होते. नसलेल्या चांदीचा उरलेला अर्धा आणा त्याच्याच पेटीत पडला होता. त्याला भर उन्हात, सगळ्या बाजारासमोर, शरम वाटली.

त्याने पेटी उघडली आणि दहाची नवी नाणी एकेक करून तिच्या टोपलीच्या काठावर मांडत गेला, एका भोकाला एक, बारा होईपर्यंत.

"हे पुरं आहे?" नुजूमने विचारलं.

"पुरं आहे," करामा म्हणाला.

तिने ती गोळा केली, सरळ फारेच्या दुकानात गेली आणि एक नाणं फळीवर ठेवलं. चहा मागितला आणि वर पाच सेंट परत मागितले.

"भोकाचं आहे," फारे म्हणाला.

"करामानं मला बट्टा परत दिलाय त्यात. करामानं. तुला कमी वाटत असेल तर सांग, जाऊन आणखी मागून आणते."

फारेने रस्त्यापलीकडे पाहिलं. करामा पेटी उघडी टाकून बसला होता आणि त्याचा चेहरा पैसे गेलेल्या माणसाचा होता. तो चेहरा खोटा काढता येत नाही, हे फारेला चहा विकून विकून ठाऊक होतं. त्याने चहा ओतला, दूध घालून, आणि पाच सेंट परत दिले.

दुसऱ्या दिवशी मशिदीच्या भिंतीशी बायकांची रांग लागली. कुणी लहेजची, कुणी अब्यनची, कुणाची आई वारलेली आणि तिच्या माळेचा हक्क लेकीने सांगितलेला. करामाने कुणालाही साक्ष विचारली नाही. जिच्या गळ्यात जन्मात चांदी नव्हती अशीही एक आली, तिलाही दिलं. खाटेखालच्या डब्यातले शिलिंग तो खजिन्याच्या पोत्यात टाकायचा आणि भोकाची नाणी काढून बायकांना द्यायचा. ती नाणी दुधाला गेली, मिठाला गेली, मोगऱ्याला गेली, आणि कुणी बोट लावून भोक चाचपलं नाही. शपथेवर लोकांनी विश्वास ठेवला नव्हता, नुकसानीवर ठेवला. महिना संपायच्या आत जात्याखालचे आणे बाहेर आले आणि पोती रिकामी झाली. अनीस खूश होऊन आणखी पोती देऊन गेला. पण डबा तळाला गेला होता.

दोआनकडे निघालेल्या एका माणसाबरोबर करामाने निरोप पाठवला की यंदा येणं होत नाही, आणि का होत नाही तेही सांगितलं. दोन महिन्यांनी तोच माणूस परत आला. बरोबर मधाचा बुधला होता आणि फत्तूमचा उलट निरोप. चारचौघांत सांगू की नको, म्हणून तो अडखळत होता. करामाने सांग म्हटलं.

"म्हणाली, जगातल्या बायकांच्या भोकांचे पैसे देत सुटलास असं ऐकलं. माझ्या कानांना दोन आहेत. त्यांचा नंबर कधी?"

फारे मोठ्याने हसला. करामाही हसला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. त्या आठवड्यात त्याने पेटी आणि जागा विकून टाकली, ज्या जागेसाठी एवढा जीव आटवला होता तीच. आलेल्या पैशांतून एडनच्या सराफाकडून सोन्याचे डूल घेतले, आणि उरलेल्यात गलबताचं भाडं जेमतेम निघालं. निघताना नुजूमने मोगऱ्याच्या दोऱ्यात दहाची काही नाणी ओवून त्याच्या हातात दिली. वाटेत मोड लागेल, म्हणाली.

पुढचं आम्हाला त्या मधवाल्या माणसानेच सांगितलं. वरचा मजला नव्हताच. करामा उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याने डूल पुढे केले. फत्तूमने ते तळहातावर घेतले, कानाशी नेले आणि खाली आणले. तीस वर्षांत कानांची भोकं बुजून गेली होती.

फत्तूमचं लक्ष त्याच्या हातातल्या नाण्यांच्या माळेकडे गेलं. तिने दोऱ्याची गाठ सोडली, नाणी उंबऱ्यावर ओघळली, आणि तो दोरा दातांनी तोडून तिने दोन्ही कानांवरून एकेक वेढा घेतला. डूल त्या दोऱ्यांना अडकवले आणि मान त्याच्याकडे वळवली.

"बघ," ती म्हणाली. "पुरं आहे का?"

"पुरं आहे," करामा म्हणाला, आणि खाली बसून नाणी वेचू लागला.