ठसका लागला की

शाळेत ट्रेनिंग आलं की माझ्या कपाळावर आठी येतेच. निवडणुकीचं ट्रेनिंग, ॲपचं ट्रेनिंग, वर त्याचे फोटो ग्रुपवर टाकायचे. पण यंदाचा आदेश वेगळा होता. अचानक काही झालं तर मुलांना कसं वाचवायचं, हे शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने शिकायचं होतं. प्रत्येकाने, म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या मावशींनीसुद्धा.

मावशींची नात आमच्याच शाळेत दुसरीत होती. गेल्या वर्षी, बोरांच्या दिवसांत, मधल्या सुट्टीत ती तोंडात बोर घेऊन हसत पळत आली आणि तिला ठसका लागला. मावशी खिचडी वाढत होत्या. हातातला डाव खाली ठेवून त्यांनी तिला जवळ घेतलं, टाळूवर थापट्या मारल्या. "वर बघ, वर बघ. कोण गं आठवण काढतंय माझ्या चिमणीची?"

आम्हीही हसलो. आमच्या आयांनी आमच्यासाठी हेच तर केलं होतं. मग लक्षात आलं, पोर खोकतच नव्हती. नारायणगावच्या दवाखान्यात जीप पोहोचेपर्यंत ती गेली होती.

सुतक फिटल्यावर मावशी पुन्हा कामावर आल्या. त्यांनी राग धरला तो त्या बोरीचा. शाळेमागचं ते झाड त्यांनी दिराकडून तोडून घेतलं. आता स्वयंपाकाच्या खोलीतून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या सरळ दिसतात. दोष झाडाचा होता असं त्या मानत होत्या, आणि त्यांनी तसंच मानत राहावं असं मला मनापासून वाटायचं.

हेडसरांनाही तसंच वाटत असावं. ते मला म्हणाले, "मावशींना ट्रेनिंगच्या दिवशी सुट्टी देऊ. तुम्हीच सांगा." मी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"उद्या नका येऊ मावशी. काही विशेष नाही, नेहमीचंच ट्रेनिंग."

"समद्यांला हाय ना, बाई? मग मलाच का नगं?"

मला खोटं कधी धड बोलता आलेलं नाही. मीही तांदळातले खडे वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतलं पातळ नेसून आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. शिकवायला आलेला तरुण पुण्याचा, उत्साही. आमच्या शाळेचं त्याला काही ठाऊक नव्हतं. प्लास्टिकचा एक बाहुला टेबलावर ठेवून तो म्हणाला, "ठसका लागला की आपण काय करतो? टाळूवर थापटतो, वर बघ म्हणतो!" तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही. "त्याचा काही उपयोग नाही. मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवा आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताने जोरात मारा."

मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

बाक सरकला. मावशी पुढे आल्या. "मी करू का?" त्यांनी बाहुला वाकवला आणि पाठीत मारलं.

"अजून जोरात, मावशी."

त्यांनी मारलं. बाहुल्याच्या घशात अडकवलेली रबरी गोळी टपकन बाहेर पडली. तरुणाने टाळ्या वाजवल्या. मावशी त्या गोळीकडे बघत राहिल्या.

"येवढंच व्हतं?"

"एवढंच!" तो आनंदाने म्हणाला. मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं. अडकलेलं दर वेळी निघतंच असं नाही, असं मी मोठ्याने म्हणाले. मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

नंतर चहा आला. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पहिल्याच घोटाला त्यांना ठसका लागला. आम्ही सगळे एकदम उठलो. माझा तळहात तर त्यांच्या पाठीपर्यंत पोहोचलाही होता. त्यांनी हाताने थांबवलं.

"बसा. खोकतीय मी."

बराच वेळ खोकल्या. डोळ्यांतून पाणी आलं. वर बघा, असं कुणी म्हटलं नाही. कोण आठवण काढतंय, हे तर कुणाच्या तोंडून निघणंच शक्य नव्हतं. मग पदराने तोंड पुसत त्या स्वतःच म्हणाल्या, "पोरीनं आठवण काढली असंल."