पाद्रीसाहेबांचा लॅटिन कोश

हिंगोलीची छावणी कधीच उठली होती. एक म्हातारे पाद्रीसाहेब तेवढे मागे राहिले होते. शाळेतले सोनाजी मास्तर नऊ वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे लॅटिन शिकत. त्या भाषेचा इथे कवडीचा उपयोग नव्हता, पण पंचक्रोशीत ती आपल्या एकट्यालाच येते, या तोऱ्यात मास्तर हिंडत. साहेब विलायतेला परततील तेव्हा त्यांचा जाडजूड कोश आपल्यालाच मिळणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

अडतीस साली मध्येच हा रतनसिंग उपटला. तांड्यावरचा गडी, दवाखान्यात मलमपट्टी करणारा. साहेबांच्या पायाची जखम बांधता बांधता तोही शिकू लागला आणि मास्तरांच्या पोटात दुखू लागलं.

एकदा अथेन्सचा धडा निघाला. मास्तरांनी नावाची रूपं घडाघडा म्हटली: आथेनाय, आथेनारुम, आथेनीस.

रतनसिंगनं विचारलं, "शहर येक, मंग नाव अनेकवचनी काहून?"

मास्तर पुन्हा रूपंच म्हणू लागले. साहेब म्हणाले, नाव मूळ ग्रीक. देवीवरून शहराला पडलं की शहरावरून देवीला, यावर पंडित अजून भांडतात. अनेकवचन बहुधा लहान वस्त्या एकत्र आल्या म्हणून.

"बराबर हाये," रतनसिंग म्हणाला. "आमचे तीन तांडे येकत्र बसले, तवा कोन्या नायकाचं नाव द्यावं म्हणून सालभर भांडण झालं. त्या अथेन्सवाल्यायनं समद्यायलाच नावात घेतलं."

साहेबांनी टाळी वाजवली. नऊ वर्षांत मास्तरांसाठी ती कधी वाजली नव्हती. ते जळफळत घरी गेले. पुढच्या रविवारी रतनसिंग यायच्या आधीच त्यांनी साहेबांचे कान भरले, "त्याला कोश द्याल तर तो पानं फाडून औषधाच्या पुड्या बांधील."

त्याच साली साहेब विलायतेला निघाले, त्या दिवशी कोश मास्तरांच्याच हाती पडला. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन उघडतात, तर पहिल्या पानावर साहेबांचं अक्षर: 'रतनसिंग म्हणाला, मास्तरांना द्या, त्यांचा जीव यात आहे. म्हणून सोनाजीस.'

मास्तरांनी ते पान वस्तऱ्यानं कापून चुलीत घातलं.

पुढं दहा वर्षं ते येईल त्याला कोश दाखवत. अठ्ठेचाळीस साली एकदा रतनसिंगच दारात आला.

"मास्तर, साहेब जाताना म्हनले व्हते, पहिल्या पानावर तुझं नाव लिवलं. येकडाव पाहू द्या. माझं नाव कोन्या पुस्तकात न्हाई."

मास्तरांची नजर खाली गेली.

"नाही बुवा," ते म्हणाले. "तसं पान नव्हतंच."