जवाची बाटली

माझे यजमान गणपतीचे डोळे आखतात. पेणजवळ जोह्याच्या एका मूर्तींच्या कारखान्यात आम्ही दोघंही कामाला आहोत. मी पॉलिश पेपरने मूर्ती घासते. मग रंग होतो, सोनेरी होतं, आणि सगळ्यात शेवटी मूर्ती ह्यांच्यासमोर येते. डोळ्याची रेघ एकदाच ओढायची असते. पुसून पुन्हा ओढली की देव रडल्यासारखा दिसतो.

दारूने तो हात गेला होता. दोन वर्षांपूर्वी मी ह्यांना रोह्याला माझ्या भावाकडे नेलं. भाऊ कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की तो ह्यांच्याजवळ येऊन बसायचा, उठू द्यायचा नाही. असा महिना काढला. परत आल्यावर मालकांनी लगेच गणपती दिला नाही. आधी उंदरांचे डोळे दिले. दोन महिने हे उंदरांचेच डोळे काढत होते आणि कुणी हसलं तरी मान वर करत नव्हते. मग एक दिवस मालकांनी गणपती आणून समोर ठेवला. त्या दिवशी मी घरी येऊन गोड केलं.

यंदा शिमगा झाल्यावर परदेशातले पाहुणे आले. माणूस आपलाच, मराठी, पण तिकडे राहून वीस वर्षं झालेली. तिकडच्या मंडळासाठी दरवर्षी मूर्ती नेतात. ह्या वर्षी त्यांनी मोठी ऑर्डर दिली, आणि गेल्या वर्षीच्या मूर्तीच्या डोळ्यांचं तिकडे फार कौतुक झालं म्हणून ते डोळे काढणाऱ्याला भेटायचंच असं म्हणाले. सोबत एक बाटली आणली होती. काळी, बुटकी, तोंडाला मेण लावलेलं.

"ही सात वर्षं ठेवलेली आहे," पाहुणे म्हणाले. "एका बाटलीच्या पैशात तुमची फूटभराची मूर्ती येईल. आमच्याकडे दोस्तांची ह्यावरून भांडणं होतात. कुणी म्हणतं पैसे वसूल, कुणी म्हणतं नुसती लूट. आज तुम्ही सगळ्यांनी चाखून सांगायचं."

मालक म्हणाले, "सात वर्षं ठेवून भाव वाढतो व्हय? आमची मूर्ती एक वर्ष राहिली तर तिला कुत्रं विचारत नाय."

सगळे हसले. मालकांची मुलगी कॉलेजला आहे. तिने बाटली हातात घेऊन वाचलं. म्हणाली, "बार्ली वाइन. बार्ली म्हणजे जव ना?"

"जवच," पाहुणे म्हणाले. "जवापासूनच करतात."

जव म्हटल्यावर मी मान वर केली. पावसाळ्यानंतर ह्यांना मुतखड्याचा त्रास झाला होता. पेणच्या डॉक्टरांनी जवाचं पाणी प्यायला सांगितलं होतं. रोज सकाळी मी जव उकळून, गाळून ह्यांना तांब्याभर देत होते. आमच्या घरात जव म्हणजे औषध. नवरात्रात घटाला पेरायचं धान्य. त्याची कुणी दारू करत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मला माहीत होती ती गावठी, आणि ह्यांच्या खिशात सापडायच्या त्या चपट्या बाटल्या.

पाहुण्यांनी चहाच्या काचेच्या ग्लासात थोडी थोडी ओतली. काकवीसारखी गडद होती. एक ग्लास ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी हात मागे घेतला.

"मी नाय घेत."

"अहो, तुमच्यासाठी तर आणली!"

हे मालकांकडे बघायला लागले. मालकांना सगळं ठाऊक होतं. पण समोर पाहुणे, त्यांची ऑर्डर, आणि बाटली फोडलेली. मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्हीच चाखून सांगा. ह्याला चालण्यासारखी असली तर घेईल, नायतर नाय. तुमच्या शब्दाबाहेर तो नाय."

आता हे लिहिताना कळतं की त्यांनी स्वतःवरचं माझ्यावर ढकललं. त्या वेळी मला फक्त एवढंच कळत होतं की दहा-बारा माणसं माझ्याकडे बघतायत. इतकी माणसं माझ्या बोलण्यासाठी कधीच थांबली नव्हती. मी कारखान्यात कुणाशी बोलत नाही. कुणी विचारलं तर मानेनेच सांगते. माझे हात भुकटीने पांढरे होते. ते पदराला पुसून मी ग्लास घेतला. आधी वास घेतला. दारूचा वास मी गल्लीच्या टोकावरून ओळखते, त्यातलं काही नव्हतं. खजुराचा वास होता, करपलेल्या गुळाचा, आणि मागे थोडा ओल्या लाकडाचा. मग ओठ लावले. घट्ट आणि गोड. जिभेच्या कडेला कडसर लागलं, काढ्याचं लागतं तसं. घशाला काहीच झोंबलं नाही.

"नाय," मी म्हटलं. "दारूसारखी नाय. जवाचीच हाय. घ्या."

छातीत ऊब उशिरा आली. आधी बारीक, मग कानापर्यंत. मी ह्यांच्याकडे वळले तोवर ह्यांचा ग्लास रिकामा झाला होता.

हे डोळे मिटून उभे होते. तो चेहरा मी ओळखला.

"मग?" पाहुण्यांनी विचारलं. "पैसे वसूल?"

"एका घोटात कसं कळंल, शेठ?" हे म्हणाले. "आमच्याकडं पोरगी बघायला पण दोनदा जातात."

केवढे हसले सगळे! मालकसुद्धा. पाहुण्यांनी खूश होऊन ग्लास भरला. मला 'नको' म्हणायचं होतं. पण 'घ्या' मीच म्हणाले होते, आणि ते म्हणून दोन मिनिटंही झाली नव्हती. चारचौघांत शब्द फिरवायचा कसा, हे मला आलं नाही. मी जाऊन माझ्या जागेवर बसले आणि घासून झालेलीच मूर्ती पुन्हा घासली.

संध्याकाळी शेतातून घरी चालत येताना हे बोलत होते. एवढं बोलणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "आधी गूळ लागतो गो, मग मनुका, मग काहीतरी सुपारीवानी. सात वर्षं एका जागी बसून ती शहाणी झालेय." मी विचारलं, "मग पैशाच्या लायक होती?" म्हणाले, "पैशाचं काय घेऊन बसलेस? मी मालक असतो तर मूर्ती देऊन घेतली असती." मला ते ऐकायला गोड वाटलं. खोटं कशाला लिहू, मी हसलेसुद्धा.

पाचव्या दिवशी हे रंग आणायला पेणला गेले आणि दोन एसट्या सोडून तिसऱ्या एसटीने आले. वास दारातूनच आला. तो खजुराचा नव्हता.

मी म्हटलं, "हे काय?"

"ती इथं मिळत नाय," हे म्हणाले. "आणि मिळाली तरी मला परवडंल व्हय?"

"म्हणून ही?"

"तूच चाखून दिलीस गो." रागाने नाही म्हणाले. खरं तेच म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

त्यानंतर मी भांडू शकले नाही. तोंड उघडलं की माझंच 'घ्या' मला ऐकू येतं. भावाला फोन लावला. त्याने विचारलं, सुरुवात कशी झाली? मी म्हटलं, पाहुण्यांनी दिली. पुढचं सांगितलं नाही. आता त्याच्या कंपनीत डबल शिफ्ट आहे, महिनाभर तरी जमणार नाही.

गेल्या आठवड्यात मालकांनी एक मूर्ती उचलून उजेडात धरली. एक डोळा वर, एक खाली. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, काय चाललंय? खरं सांगा. पुन्हा सुरू झाली का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगितलं की ह्यांना पुन्हा उंदरांपुढे बसवणार, कारखान्यातल्या पोरांसमोर. आणि मालक विचारणार, तुम्ही चाखली होती ना? मी म्हटलं, "बारीक दिसत नाय त्यांना. चष्मा लागलाय वाटतं."

मालक माणूस चांगला. दुसऱ्याच दिवशी ह्यांना गाडीवर बसवून पेणला घेऊन गेले, डोळे तपासून घेतले, चष्मा करून आणला. पैसेही स्वतःच दिले. काल तो चष्मा लावून हे मूर्तीसमोर बसले.

"आता कसं लख्ख दिसतं, बघ!" मालक म्हणाले.

"व्हय," हे म्हणाले. ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, कुंचला उचलला, आणि चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं. मालक आमच्या दोघांच्या मध्ये उभे होते. मी मान खाली घातली आणि घासायला लागले.