आबांच्या पाठीखालची थंडी

आमच्या भावकीत डिग्री घेतलेली पहिली मीच. बीएस्सी, फिजिक्स. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण सांगायला मला आवडतं. त्या डिग्रीवर वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागले, शहरात उस्मानपुऱ्यात एक खोली घेतली, आणि त्याच डिग्रीच्या भरवशावर मागच्या हिवाळ्यात बापाला उबदार झोप द्यायला निघाले.

आबा म्हणजे माझे वडील. मेंढरं राखतात. दिवाळी झाली की ते आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, कळप घेऊन पैठणच्या अंगाला उतरतात. तिकडचे शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभराच्या लेंड्यांचं खत त्यांच्या जमिनीला, त्या बदल्यात आपल्याला ज्वारी-बाजरी. आज याच्या रानात, परवा त्याच्या. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे सुताची जाळी, लावायची आणि राखणाऱ्यानं तिच्या कडेला उघड्यावर आडवं व्हायचं. खाली घोंगडं, वर घोंगडं. माय गावाकडंच असते, गुडघ्यांनी तिचं फिरणं सोडवलं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात आबांना निमोनिया झाला होता. आठ दिवस दवाखान्यात होते. सुट्टी देताना डॉक्टर माझ्याकडं बघून बोलले, कारण कागद माझ्या हातात होते. छाती आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, गार जमिनीवर झोपायचं नाही, पुन्हा असं झालं तर अवघड आहे. मी मान हलवली. आबांनीही हलवली. बाहेर रिक्षाची वाट बघताना म्हणाले, "जमीन सोडून कुठं झोपू, झाडावर?"

मेंढरं विकायचं मी बोलून बघितलं. ते रागावले नाहीत, नुसते उठून बाहेर गेले. तात्यांना एकट्याला कळप झेपत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. म्हणजे विषय तिथंच संपला. दिवाळी झाली, आणि आबा निघाले.

मग मी ट्रेकिंगला जाणारे नेतात तसली फुगवायची गादी मागवली. निळी, हलकी, घडी केली की चपातीच्या डब्याएवढी. माझा हिशेब सोपा होता. माणसाच्या अंगातली ऊब खालची जमीन ओढून घेते. हवा उष्णतेची दुर्वाहक, हे सातवीच्या पुस्तकातसुद्धा आहे. मग बाप आणि जमीन यांच्यामध्ये हवेचा थर टाकायचा, संपलं. शनिवारी दुपारची एसटी धरून फाट्यावर उतरले आणि तिथून चालत रानात गेले.

गादी मी तोंडानं फुगवली. तात्या शेजारी उकिडवे बसून बघत होते. निम्मी फुगल्यावर माझा दम गेला, तेव्हा म्हणाले, "लई शिकलीस बाई. पंधरा वरसं शाळा केली अन् शेवटी लोहाराचा भाताच मारायला लागला." गादी टणक झाल्यावर त्यांनी तिच्यावर थाप मारली आणि जायकवाडी धरणात सोडून पल्याड जाता येईल का, ते विचारलं. आबा हसले. मला बरं वाटलं. खालचं घोंगडं काढून ते तिच्यावर झोपले. कुशीवर वळले की गादी करकर वाजायची आणि वरचं घोंगडं निसटून खाली यायचं. पण माझ्यासाठी, मी झोपेपर्यंत तिथंच पडून राहिले.

सकाळी विचारलं तर म्हणाले, झाक झोप लागली. मी खुशीत शहरात परतले. आणि चार दिवसांनी फोनवर तात्यांनी सांगितलं की त्या रात्री तुझा बाप पहाटं उठून शेकोटीपाशी पाठ लावून बसला होता, पाठ बर्फावाणी पडली होती, तू झोपेत होतीस म्हणून बोलला नाय.

मला आधी खरं वाटेना. मग शोधून वाचलं. हवा दुर्वाहक असते, पण ती जागेवर थांबली तर. रिकाम्या गादीत ती माणूस हलेल तशी आतल्या आत फिरत राहते, वरची ऊब खाली नेते, खालचा गारवा वर आणते. लोकरीत, पेंढ्यात हवा अडकून पडते म्हणून ती ऊब धरते. घोंगड्यात तेच होतं. म्हणजे जे आबांच्या पाठीखाली आधीच होतं ते काढून मी त्या जागी गार वाऱ्याची पिशवी घातली होती. फिजिक्समध्ये मला फर्स्ट क्लास आहे. त्या दिवशी लाईनवर पार्ट तपासताना माझं कशातच लक्ष लागलं नाही.

पण मी सोडणारी नाही. गुलमंडीत एका दुकानातून चंदेरी अस्तराचा फोमचा पट्टा आणला, लोकरीची कानटोपी आणि मोज्यांचे दोन जोड आणले. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. कळप आता दुसऱ्या रानात होता, शेजारी कापून नेलेल्या ज्वारीचं शेत. या वेळी मी सगळं नीट केलं. खाली बाजरीचं सरमाड, म्हणजे वाळलेली ताटं, वीतभर जाड पसरलं, त्यावर फोम, त्यावर गादी, तीही अर्धीच फुगवलेली, म्हणजे अंगाच्या घडणीनं बसते. तिच्यावर घोंगडं, मग आबा, मग दुसरं घोंगडं. झोपायच्या आधी त्यांना गूळ-शेंगदाणे खायला लावले, दिवसभराचे दमट मोजे काढून कोरडे घातले. पाणी उकळून बाटलीत भरलं, बाटली जुन्या पायमोज्यात घातली आणि पायाशी दिली. तोंड घोंगड्यात घालू नका, श्वासानं आतून ओल धरते, म्हणून बजावलं. आबा लहान लेकरासारखे सांगेल ते करत होते.

"नवरदेव केलास माझा," म्हणाले.

तात्या त्यांच्या सासरकडच्या लग्नाला गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. राखणीला आबा एकटे. मी त्यांच्या शेजारी साध्या घोंगड्यावर पडले. कान टवकारून त्यांचा खोकला ऐकत राहिले. दोनदा आला. मग नाही आला. मग घोरण्याचा आवाज सुरू झाला, खोल, एकसारखा. आबांना असं घोरताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला इतकं समाधान झालं की मीही झोपले.

उजाडताना जाग आली ती आबांच्या हाळीनं. वाघर एका कोपऱ्यात खाली पडली होती आणि निम्मा कळप शेजारच्या ज्वारीत होता. कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना कोवळे हिरवे पोंगे फुटतात. माणसाला ते दिसायला देखणे, मेंढराला विष. आबा नुसत्या मोज्यांवर पळाले, मी मागून पळाले. मेंढरं वळवून आणली, तोवर दोन माद्या धापा टाकत खाली बसल्या होत्या. आबांनी त्यांना उठवायचं बघितलं, पोट चोळलं, गुळाचं पाणी पाजलं. मी गुरांच्या डॉक्टरला फोन लावत राहिले, आधी लागेना, मग लागला, ते यायला निघाले. ते पोचायच्या आत चार गेल्या. त्यातली एक गाभण होती.

शेताचा मालक आला. तो भला माणूस, पोंग्यांचं काय घेऊन बसायचं म्हणाला, मेंढरांकडं बघून चुकचुकला आणि निघून गेला. आबांनी खोरं घेतलं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

खड्डा खणायला मी त्यांच्याबरोबर लागले. काम उरकल्यावर मीच म्हणाले की चूक माझी झाली. आबांनी खोरं बाजूला टेकवलं.

"चूक कुणाची नाय," ते म्हणाले. "झोप लई ग्वाड लागली, एवढंच. आसं बघ, मेंढरू उठलं की खुराची थरथर भुईतनं कानाला लागती. मधी एवढं थर घातल्यावर काय लागंल? अन् थंडी वाजती म्हणून माणूस अर्धा जागा ऱ्हातो. ती अर्धी जाग म्हंजीच आमची ड्युटी. तुझ्या कंपनीत कामावर झोपून चालंल का?"

इतकी वर्षं मी समजत होते की आबांकडं अंथरायला चांगलं काही नाही म्हणून ते गारठत झोपतात. ते झोपतच नव्हते.

दुपारी तात्या आले, सगळं ऐकून माझ्यावर वैतागले. ह्या कॉलेजवाल्यांनी कळप बुडवायचा चंगच बांधलाय, असं म्हणाले आणि लगेच माझ्या हातात चहाचा कप दिला. संध्याकाळी आबांनी सरमाड मेंढरांपुढं टाकलं, फोम गुंडाळून माझ्या पिशवीला टेकवून ठेवला आणि घोंगडं उघड्या भुईवर पसरलं. भुईला हात लावून बघितलं मी. दव पडायला सुरुवात झाली होती.

सोमवारी माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून राहिले. फोम आणि गादी पुन्हा अंथरली आणि आबांना म्हणाले, आज तुम्ही उबेत झोपा, राखण मी करते. तात्या लग्नाच्या जागरणानं लवंडले होते. आबांनी माझ्याकडं बघितलं. थट्टा केली नाही.

"आज तू जागशील. उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

"परवा?"

तरी त्यांनी माझं मन राखलं, गादीवर जाऊन पडले. मी कानटोपी घालून वाघरीच्या कडेला बसले. बॅटरी मारायची, मेंढरं बघायची, पुन्हा बसायचं. दर वेळी मागं वळून बघितलं की आबा उठून बसलेले. एकदा विचारलं, झोपत का नाही. म्हणाले, तू बसलीस तिथं वारा लागतो, इकडं सरक. मग थोड्या वेळानं स्वतःच गादीवरून उतरून माझ्या शेजारी येऊन बसले. मला त्यांचा खोकला आता अंगाला जाणवत होता, खांद्याला खांदा लागलेला. एका कळपाला दोन राखणदार, आणि उबदार अंथरूण रिकामं. यावर मी काय करू शकत होते, ते मला आजही सुचत नाही.

सकाळी दव उठेपर्यंत मेंढरं सोडत नाहीत, ओला चारा त्यांना बाधतो. तेवढा तासभर आबांचा. ऊन बांधावर आलं तसे ते बांधाला पाठ लावून बसले आणि बसल्या बसल्या झोपले. तोंड अर्धं उघडं, हात मांडीवर, छातीत बारीक घरघर. तात्या कोकरांना आयांचं दूध पाजत होते. त्यांनी खुणेनं सांगितलं, उठवू नको, जा तू, एसटी चुकेल.

मी पिशवी उचलून निरोपाला म्हणून जवळ गेले. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. आबांच्या तोंडावर माझी सावली पडली होती. त्यांच्यावर ऊन येऊ देत मी बाजूला सरकले, एसटी जाऊ दिली आणि ते जागे होईपर्यंत तिथंच उभी राहिले.