कासिल्दाची पाठ

कासिल्दा रेदोन्दो सिनेमात कामाला होती, पण सिनेमात ती कधी कुणाला दिसली नव्हती. हे माद्रिदच्या लावापिएस भागातल्या चाळीत समजावून सांगता सांगता तिच्या नाकी नऊ यायचे.

"म्हणजे तू नटी?"

"नाही हो."

"मग नटीचे कपडे शिवतेस?"

"नाही."

"मग पगार कशाचा देतात तुला?"

"उभं राहायचा."

तरण्या पोरीला नुसतं उभं राहायचा पगार मिळतो म्हटल्यावर चाळीने काय काय तर्क लढवले असतील, ते सांगायची गरज नाही. शेवटी तिचा बाप मार्सेलिनो एका रविवारी जेवणानंतर चौकात उतरला. हा माणूस ट्राम चालवायचा आणि बोलायचाही ट्रामसारखाच, सावकाश आणि रुळावरून न घसरता.

"एल्विरा सिस्नेरोस माहितीय ना?" त्याने विचारलं.

हे विचारणं म्हणजे सूर्य माहितीय का असं विचारणं. एल्विराचा फोटो न्हाव्याच्या आरशाला चिकटवलेला होता, कोळशाच्या वखारीत टांगलेला होता, आणि दोन-तीन घरांत तर कपाटाच्या आतल्या बाजूला, बायकोच्या नजरेआड.

"तर या बाईवर दिवे नीट लावायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ ती स्वतः उभी राहिली तर तोंडावरचा रंग वितळून जाईल. म्हणून तिच्या जागी आमची कासी उभी राहते. उंची तीच, खांदे तेच, नाकसुद्धा तेच. दिवे लागले की कासी बाजूला होते आणि खडूच्या त्याच खुणेवर एल्विराबाई येऊन उभी राहते."

"म्हणजे रांधायचं आमच्या पोरीने आणि ताटावर बसायचं त्या भवानीने," समोरच्या बिऱ्हाडातली तोमासा म्हणाली. तोमासाचा आवाज ट्रामच्या घंटेपेक्षा मोठा होता आणि मन त्याहून मोठं. पण मनाचा पत्ता लागेपर्यंत आवाजानेच माणूस अर्धमेला व्हायचा.

"तसं नाही," मार्सेलिनो म्हणाला. "ती सुंदर दिसते ती आमच्या कासीच्या मापाने."

एवढं सांगून तो वर गेला. त्या दिवसापासून चाळीत कासिल्दाचा भाव वधारला. तिची आई एंग्रासिया मात्र बधली नाही. सिनेमा हे तिच्या मते रिकामटेकड्यांचं काम होतं. ती स्वतः जन्मात थिएटरची पायरी चढली नव्हती.

त्या हिवाळ्यात मार्सेलिनो गेला. छातीत दुखतंय म्हणाला, ट्राम नीट थांब्यावर आणून उभी केली, आणि तिथेच मान टाकली.

घरावर दोन वर्षांचा दुखवटा चढला. रेडिओवर फडकं पडलं, खिडक्यांच्या झडपा ओढल्या गेल्या, आणि घरातली झाडून सगळी कापडं काळी करायला तोमासाच्या मोठ्या हंड्यात गेली. कपडे, मोजे, रुमाल, केसांच्या फितीसुद्धा. तोमासा हंडा ढवळत होती आणि मार्सेलिनोच्या आठवणीने हुंदके देत होती, आणि त्या रडण्याच्या नादात रंगात व्हिनेगर घालायचं विसरली. व्हिनेगरशिवाय काळा रंग बसत नाही, हे माद्रिदमधलं शेंबडं पोरही सांगेल. मग जरा घाम आला की मायलेकींच्या गळ्यावर, मनगटांवर काळे ओघळ उमटायचे. चाळ बघायची आणि तोमासाकडे बघायची. तोमासा म्हणायची, "दुःख खोल असलं की असं बाहेर येतं!"

तर त्या काळ्या झग्यात कासिल्दा स्टुडिओत गेली आणि खडूच्या खुणेवर उभी राहिली. कॅमेरामन एलादियोला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी लाइट मीटर तिच्याजवळ धरला आणि ते कण्हले.

"कासी, असं चालायचं नाही गं. काळ्यावर मी दिवे लावले आणि मग बाई पांढऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, तर पडद्यावर बाई दिसायच्या नाहीत. चुन्याची भिंत दिसेल."

"मास्तर, माझे वडील गेलेत."

"मला काय माहीत नाही? मयतीला होतो की मी."

मागून मॅनेजर म्हणाला, "दुसरी मुलगी बघायला सांगतो. दोन वर्षं कोण थांबणार?" घरात आता तिच्याशिवाय कमावतं कुणी नव्हतं. आणि दुखवट्यात पांढरं घातलेलं आईला कळलं, तर आई तिचं तोंड बघणार नव्हती. आई तशीच होती, शब्दाची आणि रागाची पक्की.

तेवढ्यात एल्विरा आत आली. पांढराशुभ्र झगा, गळ्यापर्यंत कॉलर, आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचा राग, जो रोजच असायचा.

"कुणाला काढताय? कासीला? मग मी पण काळ्यातच येते. लावा काळ्यावर दिवे."

"बाई, उद्या लग्न असलेल्या मुलीचा सीन आहे!"

"मग नवरा मेला म्हणा. बोलवा त्या लेखकाला, नाहीतरी बसूनच असतो."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. एल्विराने कासिल्दाला दंडाला धरून आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"ऐक," ती म्हणाली. "मी कोळ्याची पोर. सहा वर्षांची होते तेव्हा आजी गेली, काळं चढलं. ते उतरायच्या आत आजोबा. मग मावशी. मग दुसरी मावशी, जी आमच्याशी बोलतही नव्हती, पण मरायला बरोबर टपकली. न्हातीधुती झाले तरी रंगीत चिंधी अंगाला लागली नव्हती. मी नटी झाले ती फक्त लाल झगा घालायला मिळेल म्हणून. आणि माझं नशीब बघ! सगळे पिक्चर कृष्णधवल!"

कासिल्दाला हसू फुटलं. बाप गेल्यापासूनचं ते पहिलं हसू. हसता हसता तिचा बांध फुटला आणि ती एल्विराच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. एल्विराचा रंग पुसला गेला, शूटिंग खोळंबलं, मॅनेजर दारावर थापा मारत राहिला. एल्विराने त्याला आतूनच दोन शिव्या हासडल्या आणि कासिल्दाची पाठ थोपटत राहिली. या बाईच्या तोंडाबद्दल खूप लिहून आलं. तिच्या हातांबद्दल कुणी लिहिलं नाही.

तोडगा असा निघाला. कासिल्दा चाळीतून काळ्यात निघायची, स्टुडिओत फक्त दिव्यांखाली पांढरं घालायची, आणि पुन्हा काळ्यात घरी. मनाला टोचणी नको म्हणून पांढऱ्या कॉलरच्या आत, गळ्याभोवती, ती काळी फीत बांधायची. तोमासाच्या हंड्यातली.

"आईला कळलं तर, बाई?"

"तू दिव्यांसमोर असतेस पोरी, कॅमेऱ्यासमोर नाही. कुणाला दिसणार आहेस?"

हे बरोबर होतं. पण जिन्याच्या सीनच्या दिवशी एल्विरा तापाने फणफणली. सीनमध्ये मुलगी पाठमोरी जिना चढते, वरच्या वळणावर थांबते, खालून कुणीतरी हाक मारलेली असते, आणि ती वळते. वळल्यानंतरचा चेहरा नंतर घेता आला असता. पण जिन्याचा सेट दुसऱ्या दिवशी मोडायचा होता.

"पाठ कासीची घ्या," एल्विरा स्टुडिओतल्या आपल्या खोलीत, पांघरुणातून म्हणाली. कासिल्दाचा चेहरा पाहून तिने तिला जवळ बोलावलं. "घाबरतेस काय? पाठीवरून कुणी कुणाला ओळखतं का? चढताना घाई करू नकोस. वर पोचलीस की थांब. हाक ऐकू आलीय, पण वळायचा धीर होत नाहीये. एवढंच."

"हाक कुणी मारलीय?"

"ते तू ठरव. मी दर वेळी वेगळं माणूस धरते."

कपडेवालीने आयत्या वेळी तिच्या गळ्यातली फीत ओढून काढली, केसांवरून हात फिरवला आणि तिला ढकललं. दिवे लागले. आजवर त्या दिव्यांखाली ती नुसती उभी राहिली होती. आज पहिल्यांदा चालली. वळणावर थांबली तेव्हा तिला चौकातून येणारी बापाची हाक ऐकू आली, संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर खालूनच मारायचा ती, "कासी!" कासिल्दाच्या डोळ्यांतून धार लागली. तिचा डावा खांदा जरा खाली गेला. तोंड भिंतीकडे असल्यामुळे ते रडणं कुणालाच दिसलं नाही.

पिक्चर लागला तेव्हा चाळ झुंडीने गेली. पडद्यावर जिना आला, पांढरी पाठ आली, आणि वळणावर थांबली. केस वर बांधलेले, आणि पांढऱ्या कॉलरच्या काठावर, मानेवर, बोटभर काळा ओघळ.

सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेली तोमासा ताडकन उभी राहिली. तोंडातल्या बिया पुढच्या रांगेवर उडाल्या.

"अगं बाई! तो माझा रंग! ती आमची कासी!"

पोटात काही ठेवायचं हे तोमासाला जमण्यासारखं नव्हतं. ती घरी पोचायच्या आधी तिचा आवाज घरी पोचला. कासिल्दा स्टुडिओतून परतली तेव्हा आई टेबलाशी बसलेली होती.

"खरं?"

"खरं."

"पांढऱ्यात?"

"आई, नोकरी गेली असती."

"बापाच्या थडग्यावरची माती वाळली नव्हती," एंग्रासिया म्हणाली, आणि त्यानंतर तिने लेकीशी बोलणं टाकलं.

म्हणजे घरात बोलणं बंद झालं असं नाही. स्वयंपाकघरात पिंजऱ्यात गोल्डफिंच नावाचा एक छोटा गाणारा पक्षी होता, मार्सेलिनोचा लाडका. एंग्रासिया आता त्याच्याशी बोलायची. "सांग तिला, मसूर गार होतोय." "विचार तिला, रात्री जेवायला आहे का." पक्ष्याला एवढी कामं जन्मात कुणी सांगितली नव्हती, तो बिचारा या दांडीवरून त्या दांडीवर उड्या मारायचा. सुरुवातीला कासिल्दाला हसू यायचं. मग यायचं बंद झालं. एके दिवशी ती आईच्या पायाशी बसली. "मार मला, शिव्या दे, घराबाहेर काढ. पण माझ्याकडे बघून बोल ना गं." एंग्रासियाने पिंजऱ्याचं पाणी बदललं.

इकडे चाळीला मात्र दुसरा विषयच उरला नाही. ज्यांनी एकदा पाहिला होता ते पुन्हा बघून आले. संध्याकाळी चौकात पाण्याच्या नळाशी पाठीचीच चर्चा.

"ताठ चालली हो, राणीसारखी."

"ताठ कुठली? वरती जाऊन वाकली ती. उजवा खांदा पडला."

"डावा!"

"मी दोनदा बघितलाय, उजवा!"

वर कठड्याशी एंग्रासिया कपडे वाळत घालत होती. तिने हातातला चिमटा खाली आपटला. "डावा!" ती वरूनच ओरडली. "लहानपणापासून रडायला आलं की तिचा डावा खांदा पडतो! तुम्हाला काय कळतंय माझ्या पोरीचं!"

एंग्रासिया आत गेली. अख्ख्या चाळीने, त्या मेल्या न्हाव्याने आणि कोळसेवाल्यानेसुद्धा, आपली पोर पाहिली, आणि आपण तेवढी पाहिली नाही, हे तिला त्या घटकेला कळलं. आणि पोर रडली होती. हे तर तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिंजऱ्यापुढे उभी राहिली. "सांग तिला, कोट घाल म्हणावं."

थिएटरच्या दाराशी तिकीट फाडणाऱ्याचा हात थबकला. डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात, तोंडावर काळी जाळी ओढलेली विधवा दुखवट्यात सिनेमाला आलेली त्याने पाहिली नव्हती. एंग्रासियाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो निमूट बॅटरी घेऊन पुढे चालू लागला. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाठ न टेकता, हात मांडीवर. कासिल्दा शेजारी. अर्धा पिक्चर तसाच गेला.

मग जिना आला.

पांढरी पाठ एक एक पायरी चढू लागली. एंग्रासियाने तोंडावरची जाळी वर केली. मानेवरचा ओघळ दिसला, आणि तिचा हात आपोआप उठला, पुसायला उठावा तसा. पाठ वळणावर थांबली. डावा खांदा खाली गेला.

"वळ," एंग्रासिया पुटपुटली.

पाठ हलली नाही.

"वळ ना गं पोरी! इकडं बघ!" ती भर थिएटरात ओरडली.

"ओ बाई, गप्प बसा की!" मागून कुणीतरी म्हणालं. "वळणारच आहे ती!"

आणि पडद्यावरची मुलगी वळली. एल्विरा सिस्नेरोसचा चेहरा, डोळ्यांत पाणी, त्या वर्षी साऱ्या देशाने ज्यावर जीव टाकला तो चेहरा. थिएटरात सुस्कारा उमटला, कुणी टाळ्या वाजवल्या.

एंग्रासिया त्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"ही नव्हे," ती म्हणाली. मग अंधारात तिने मान वळवली, कासिल्दाची हनुवटी दोन्ही हातांत धरली आणि पिक्चर संपेपर्यंत पडद्याकडे पुन्हा पाहिलं नाही.