निघोज्याच्या सुईणीनं काम सोडलं

पुतळाबाईच्या उजव्या हाताची बोटं कधी बधिर झाली, ते तिलाही नेमकं सांगता यायचं नाही. छप्पन सालच्या संक्रांतीला भाकरी उलटताना बोटं तव्याला टेकली आणि कातडी करपल्याचा वास सुटला, तेव्हा तिनं सुनेला विचारलं, "शकू, काय जळतंय गं?" शकूनं मनगट धरून तिचा हात मागं ओढला. फोड आले होते. पुतळाबाईला काहीच जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं असतं तर तेल लावून विसरले असते. पण पुतळाबाई निघोज्याची सुईण. सासूच्या हाताखाली शिकली आणि सासू गेल्यावर छत्तीस वर्षं गावातली बाळंतपणं तिनंच केली. डोळे मिटून पोटावर हात ठेवायची आणि सांगायची, "डोकं खाली हाय, पाठ डावीकडं. भ्यायचं कारण न्हाई." तेवढ्यानं बाईचा अर्धा जीव भांड्यात पडायचा. पोर अडलं तर पोट चोळून चोळून ते वळवायचं कसं, हेही तिला येत होतं. ते सगळं बोटांच्या टोकांवर होतं. तोंडानं सांगून दुसऱ्याला देण्यासारखं त्यात थोडंच होतं.

वैशाखात दत्तोबाच्या सुनेला तिनं सांगितलं, डोकं खाली आहे. आणि आले पाय. नशिबानं पोर जगलं. घरात आनंदीआनंद झाला. "पायाळू पोर काढलं पुतळामावशीनं!" म्हणून तिची ओटी भरली. ती घरी आली, ओटी तशीच कोनाड्यात ठेवली आणि न जेवता पडून राहिली. तिनं डोकं समजून जे चाचपलं होतं, ते डोकं नव्हतंच. हे तिच्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं.

तेव्हाच तिच्या मनानं घेतलं, आता थांबायचं. पण थांबतात कसं?

त्याच साली गावातले लक्ष्मणराव रिटायर होऊन आले होते. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची नोकरी. सारा जन्म कासारवाडीला खोली करून राहिले आणि पंचावन्न भरल्यावर शाल-नारळ घेऊन गावी परतले. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून मारुतीच्या पारावर बसायचे. पुतळाबाईनं एकदा त्यांना गाठलं.

"लक्ष्मणराव, तुमाला कसं वो कळलं, आता थांबायचं म्हून?"

"मला कुठं कळलं? कागदावर तारीख होती. आदल्या दिवशी मशीनवर उभा होतो, दुसऱ्या दिवशी घरी."

"बरं वाटतंय का?"

लक्ष्मणरावांनी शर्टाची बाही सारखी केली. "पाचाला जाग येती. मग दिवसभर कुणी कशाला बोलवत न्हाई," ते म्हणाले.

पुतळाबाईला तरीही त्यांचा हेवा वाटला. त्यांना निदान कुणीतरी तारीख घालून दिली होती.

तिनं आपल्या परीनं सोय लावून बघितली. शकूला म्हणाली, "तू शिक." शकू म्हणाली, "आत्याबाई, रगत बघितलं की मला भवळ येती." मग ती चाकणला चालत गेली. सरकारी दवाखान्यात कौशल्याबाई नावाच्या नर्स होत्या. बोलायला चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडं सोळा गावं. "मी कुठंकुठं पुरी पडू, आजी?" त्या म्हणाल्या. "अडचणीची बाई गाडीत घालून इकडं आणायला सांगा. पण वेळेत आणा."

गौरीच्या हळदीकुंकवाला पुतळाबाईनं बायकांना सांगून टाकलं, "आता माझ्या भरवशावर ऱ्हाऊ नका. माझं वय झालं. चाकणला जात जावा." बायका हसल्या. "सुईण काय मामलेदार हाय व्हय, पेन्शनीत निघायला?" कुणीतरी म्हणालं. पुतळाबाईही हसली. बोटांचं तिनं सांगितलं नाही. त्या बोटांवर तिचा सगळा मान होता, आणि ती मेलीत हे चार बायकांत बोलायची तिला लाज वाटली. वयाचं काय, ते कुणीच मनावर घेतलं नाही.

पौषातल्या एका सकाळी धर्माजी तिच्या दारात आला. त्याची छबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एकोणीस वर्षांची पोर. तीही पुतळाबाईच्याच हातावर जन्मलेली.

"मावशे, चल. छबूला पहाटंपासनं कळा लागल्यात."

"मी सोडलंय, धर्माजी. चाकणला न्या तिला."

"आता मस्करीची येळ हाय व्हय?"

"मस्करी न्हाई. माझी बोटं मेल्यात रं. मला काय लागत न्हाई."

धर्माजीनं तिच्या हाताकडं पाहिलं. हात दिसायला धडधाकट होता. "गेल्या साली बांधावरनं मी तुज्या लेकाला, मुरारीला बोललो," तो म्हणाला, "त्याचा राग लेकाच्या आईनं माझ्या लेकीवर काढावा व्हय?" तो रडकुंडीला आला, हात जोडले, पाया पडायला वाकला. पुतळाबाई एकच सांगत राहिली, "गाडी जुप. येळ घालवू नगंस."

बैल मळ्यात मोटेला होते. ते सोडून आणून गाडी जुंपेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं. गाडीत कडब्यावर वाकळ टाकून छबूला निजवलं. तिची आई सुभद्राबाई शेजारी बसली. गाडी निघताना पुतळाबाई कुणी न बोलावता मागून चढली आणि तिनं छबूचं डोकं मांडीवर घेतलं.

"आजी, हात लाव की," छबू म्हणाली. "तुजा हात लागला की बरं वाटंल."

पुतळाबाई तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत राहिली. म्हणाली, "चाकणच्या बाई लई हुशार हायेत. आता पोचू."

रस्ता कच्चा, खाचखळग्यांचा. दर हिसक्याला छबू ओरडायची. निम्म्या वाटेवर ओढ्याच्या उतारावर एक मोठी कळ आली आणि वाकळीवर रक्त पसरलं. सुभद्राबाई किंचाळली, "पुतळे, बघतीस काय नुसती!"

तेव्हा पुतळाबाईनं हात लावला. पोटावरून फिरवला, दाबला, डोळे मिटले. कोंड्याच्या पोत्यावर हात ठेवावा तसं वाटलं. कुठं डोकं, कुठं पाठ, काही म्हणजे काही कळेना. तिनं डावा हात लावला, पण डाव्याला ते काम कधी ठाऊकच नव्हतं. ती पुन्हापुन्हा चाचपत राहिली. धर्माजी बैलांना मारत होता आणि मागं वळून बघत नव्हता.

नाशिक रस्त्याला लागेपर्यंत छबू बोलायची थांबली होती. दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली तेव्हा कौशल्याबाई धावत आल्या. त्यांनी नाडी बघितली, पोट बघितलं, आणि उभ्या राहिल्या. पोर आडवं होतं. दोघंही गेली होती.

"तासभर आधी..." असं काहीतरी त्या बोलल्या आणि धर्माजीच्या तोंडाकडं बघून थांबल्या.

आपण थांबलो ते बरोबरच होतं, याची पुतळाबाईला त्या गाडीत खात्री पटली. त्या खात्रीचा कुणालाच उपयोग नव्हता. बोटांचं खरं कुणाला पटलं नाही. गावात एकच बोललं जायचं, हातात असून दिलं नाही. छबूनंतर लोक दिवस भरत आले की बाईला चाकणला नेऊन ठेवायला लागले. पुतळाबाईकडं कुणी आलं नाही. वाटेत बायका भेटल्या तर पदर सावरून कडेनं जायच्या. मुरारी म्हणायचा, "आये, आता निवांत बस." ती बसायची. बाभळीचा काटा घेऊन एकेका बोटाला टोचून बघायची.

वर्षानंतर एका दुपारी सुभद्राबाई आली. छबू गेल्यापासून पहिल्यांदाच. शकूनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "एकच इचारते. सकाळीच हात लावला असतास, तर वाचली असती का?"

पुतळाबाईनं मांडीवरचे हात पदराखाली घेतले. 'नसती' म्हणायला जीभ उचलली होती. पण ज्या आईच्या डोळ्यांदेखत लेक गेली, तिच्यापुढं ते येईना.

"ठाऊक न्हाई, सुभद्रे."

"पयल्यासारखी बोटं असती तर?"

"तर वाचली असती."

सुभद्राबाई उठली. उंबऱ्याशी थांबून, मागं न बघता म्हणाली, "नसती म्हून लबाड तरी बोलायचं हुतंस गं." आणि गेली.

पुतळाबाई पुढं सव्वा-दीड वर्ष जगली. कुठं दुखतंय-खुपतंय असं नव्हतं, फक्त जेवण तुटत गेलं. एकोणसाठच्या उन्हाळ्यात ती गेली तेव्हा तिच्याच हातावर जन्मलेल्या चौघांनी तिला खांदा दिला. धर्माजी आला नाही.