उभ्याने लॉग वाचणाऱ्या सबनीस मॅडम

सबनीस मॅडमनी खुर्चीत बसून यंत्रांच्या नोंदींचा लॉग वाचलेला मी कधी पाहिला नाही. नोएडातल्या आमच्या ऑफिसात त्या उभ्याच असायच्या, पायातली चप्पल काढत-घालत, मॉनिटरवर बोट फिरवत. "मॅडम, बसा ना," म्हटलं की म्हणायच्या, "बसले की डोळे आळशी होतात, यार."

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. एका सोमवारी सकाळी ज्यांचं नेटवर्क आम्ही सांभाळायचो अशा एका इस्पितळाची तक्रार आली. लॅबचे काही रिपोर्ट वॉर्डात पोचतच नव्हते. नेटवर्कच्या दारावर पहारा देणाऱ्या फायरवॉलचा लॉग उघडला तर 'ड्रॉप', 'ड्रॉप', म्हणजे अडवून टाकून दिल्याच्या शेकडो ओळी. फायरवॉल जे जे अडवतेय ते सगळं सोडून द्यायला मी निघालेच होते.

"माउसवरचा हात काढ आधी," मॅडम म्हणाल्या. "यातल्या बऱ्याचशा ओळी निरुपद्रवी आहेत. दोन मशिनांनी निरोप घेतला, फायरवॉलने त्यांचं नाव खोडलं, मग एकाचं शेवटचं पॅकेट, माहितीचा उरलेला तुकडा, उशिरा आलं. आपले पाहुणे 'येतो' म्हणून दारात अर्धा तास बोलतात ना, तसं. तोवर वॉचमनने रजिस्टर मिटलेलं असतं. निरोप घेतलेला नसतानाही कोणाला अडवलंय, ते शोध."

ओळ न् ओळ चाळली. मॅडमच्या येरझाऱ्यांनी मलाही बसवेना. दुपारी सापडलं. लॅबचं मशीन दोन रिपोर्टांच्या मध्ये वीस-वीस मिनिटं गप्प राही आणि फायरवॉल त्याला दहा मिनिटांतच विसरे. मग पुढचा रिपोर्ट अनोळखी म्हणून टाकून देई. आधी ही विसरण्याची मुदत एक तासाची होती. ती कमी कोणी केली, म्हणून मॅडमनी बदलांची नोंद उघडली. नाव माझंच. फायरवॉलला लक्षात ठेवायची मशिनांची यादी फार फुगते म्हणून आठवड्यापूर्वी मीच, कोणालाही न विचारता, हा शहाणपणा केला होता. मॅडमनी नाव वाचलं, मुदत पुन्हा तासाची केली आणि नोंद मिटली.

संध्याकाळी कॉलवर आमच्या विभागाच्या साहेबांनी विचारलं, "किसके कहने पर हुआ ये?"

"मेरे कहने पर, सर."

मी शेजारीच होते. मी वहीत तारीख लिहीत राहिले.

टीमचं प्रमुखपद मॅडमना मिळणार होतं, ते दुसऱ्याला गेलं. मला कायम केल्याचं पत्र आलं. दोन महिन्यांनी त्या गुरुग्रामच्या नोकरीवर निघाल्या, तेव्हा लिफ्टपाशी मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते. आता तरी सांग त्यांना."

त्यानंतर मी साहेबांच्या केबिनपर्यंत तीनदा गेले आहे. दार अजून वाजवलेलं नाही.